डिशवॉशरसाठी डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) वेगळी लाइन ओढायलाच हवी का? (जुना फ्लॅट, ड्राय बाल्कनी)

मुग्धा_कोथरूड

नमस्कार मंडळी. घरी डिशवॉशर येतोय, १३ प्लेस सेटिंगचा, डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात आहे. नळाला टी लावणं, आउटलेटचा पाइप कुठे सोडायचा हे सगळं प्लंबरने करून दिलंय, अडलंय ते फक्त लाइटच्या पॉइंटवर. बिल्डिंग १९९४ ची आहे, वायरिंग कन्सील आहे आणि बिल्डरने दिलं तेच आहे, आम्ही मध्ये फक्त जुने फ्यूज काढून एमसीबीचा (करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) बोर्ड बसवून घेतला होता. मशीन ठेवणार ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. तिथे एकच मोठा १६ अँपचा पॉइंट आहे आणि त्यावर वॉशिंग मशीन चालतं (फ्रंट लोड, हीटरवालं). भिंतीच्या अलीकडे किचनमध्ये सिंकच्या वर ६ अँपचा छोटा पॉइंट आहे, प्युरिफायरचा.

आता घरात जितकी माणसं तितकी मतं. दुकानातून जागा बघायला आलेला मुलगा म्हणाला की मॅडम छोट्या पॉइंटला कन्व्हर्टर लावा, सगळे तेच करतात. नवरा म्हणतो वॉशिंग मशीनच्याच पॉइंटवरून एक्स्टेंशन बोर्ड घेऊ आणि दोन्ही एका वेळी लावायचं नाही. आमचा नेहमीचा वायरमन म्हणतो डीबीपासून वेगळी ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरची) लाइन हवी आणि टाइल्स फोडायच्या नसतील तर केसिंग-कॅपिंग करून, म्हणजे हॉलमधून भिंतीवर वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी येणार आणि ती दिसणार. सासूबाईंना वेगळीच काळजी आहे की बाल्कनी कायम ओली असते, शॉक बसला तर काय, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचंच म्हणणं सगळ्यात जास्त पटतंय.

ज्यांच्याकडे आहे किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज सांगा. मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो का आणि इन्व्हर्टरवर घेता येईल का हेही सांगितलंत तर बरं होईल.

फेज_न्यूट्रल

मुग्धाताई, मी वायरिंगचीच कामं घेतो, पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात. तुमचा वायरमन बरोबर सांगतोय, त्याचं ऐका.

डिशवॉशरची मोटर फार काही खात नाही, शंभर-दीडशे वॅट धरा. खरा लोड आहे तो पाणी तापवणाऱ्या हीटरचा. मशीनच्या दाराच्या कडेला प्लेट असते त्यावर वॅट लिहिलेले असतात, बहुतेक १८०० ते २४०० च्या मधला आकडा सापडेल. २४०० भागिले २३० म्हणजे साधारण साडेदहा अँपिअर झाले. ६ अँपच्या सॉकेटमधून साडेदहा अँप, आणि तेही मिक्सरसारखे दोन मिनिटं नाही, मेन वॉशला पाणी तापेपर्यंत सलग आणि शेवटच्या रिन्सला परत एकदा. ७० डिग्रीचा कढईसाठीचा प्रोग्रॅम लावलात तर अजून जास्त वेळ.

कन्व्हर्टरने फक्त भोकांचा आकार बदलतो हो, मागची वायर तीच राहते. तुमच्या काळातल्या बिल्डिंगमध्ये छोट्या पॉइंटला एक किंवा दीड एमएमची वायर असते आणि तीसुद्धा किचनच्या लाइट-पंख्याबरोबर लूप करून आणलेली. मला जे जळालेले सॉकेट बघायला मिळतात ते जवळपास सगळे एकाच नमुन्याचे असतात. पांढरं प्लास्टिक आधी पिवळट पडतं मग तपकिरी, प्लग ओढून काढला की एका पिनवर काळा डाग आणि त्याच बाजूच्या भोकाची कड वितळून फुगलेली. जोड ढिला असेल आणि तिथे नुसता अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तरी १० अँपला ५० वॅटची उष्णता होते, म्हणजे भिंतीतल्या त्या डबीत सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दार लावून घेतल्यासारखं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एमसीबी यात पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो, जोड तापतोय हे एमसीबीला कळायला काही मार्ग नाही. त्यामुळे "एमसीबी आहे ना मग काळजी कशाला" हे म्हणू नका.

एक्स्टेंशन बोर्डचंही तेच. बाजारातले बरेच स्पाइक गार्ड ६ किंवा १० अँपचे असतात, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा, आणि ओल्या बाल्कनीत जमिनीवर पडलेला बोर्ड तर नकोच नको.

वायरचं म्हणाल तर १६ अँपच्या पॉइंटला अडीच एमएम तांब्याची वायर हिशोबाने पुरते, मी स्वतः ४ टाकतो कारण केसिंगमधून लांबून येणार असेल तर व्होल्टेज कमी पडत नाही आणि वायर गार राहते, फरकाचे पैसे मजुरीच्या मानाने काहीच नाहीत. पण वायर ४ ची टाकली म्हणून एमसीबी २० किंवा ३२ चा टाकू देऊ नका. सॉकेट १६ चा आहे, तर एमसीबी १६ चाच, सी कर्व्ह (मोटर चालू होतानाच्या क्षणभराच्या झटक्याने न पडणारा).

इन्व्हर्टरवर नाही चालणार. घरगुती इन्व्हर्टर ८००-९०० व्हीएचा असतो, हीटर लागला की ओव्हरलोडला जाईल.

वैशाली_नाशिक

माझ्याकडे बरीच वर्षं डिशवॉशर आहे आणि मी वेगळी लाइन केलेली नाही, म्हणून लिहिते. आमचं घर नवीन आहे त्यामुळे युटिलिटीत बिल्डरनेच दोन मोठे पॉइंट दिलेत पण दोन्ही डीबीत एकाच एमसीबीवर आहेत, हे आम्हाला राहायला गेल्यावर कळलं. कपडे ६० डिग्रीवर लावले आणि शेजारी भांडी पण चालू केली तर हमखास ट्रिप होतं, दोन्ही हीटर एकदम लागले की साडेसतरा-अठरा अँप होतात असं आमच्या वायरमनने सांगितलं. मग नियमच करून टाकला, सकाळी कपडे आणि रात्री जेवणं झाल्यावर भांडी. तसं व्यवस्थित चालू आहे. तेव्हा मुग्धा, मिस्टरांचं अगदीच चुकीचं नाही, फक्त एक्स्टेंशन नको.

अजून एक. आमच्याकडे गच्चीवर सोलर आहे आणि मशीनला गरम पाण्याची लाइन दिलीये. आमच्या मॅन्युअलमध्ये ६० डिग्रीपर्यंतचं पाणी चालेल असं लिहिलं होतं, प्रत्येक मशीनला चालतंच असं नाही त्यामुळे आधी वाचा. त्याने हीटर कमी वेळ लागतो, बिलात आणि वेळेत दोन्हीत फरक पडतो. नाहीतर नॉर्मल प्रोग्रॅमला साधारण एक युनिट जातं, जड प्रोग्रॅमला त्याहून जास्त, म्हणजे बिल वाढेल म्हणून घाबरण्यासारखं काही नाही.

लाइट गेली तर मशीन थांबतं आणि आली की जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं, निदान माझं तरी. मध्येच दार उघडू नका, आतली वाफ अंगावर येते.

फेज_न्यूट्रल

वैशालीताई, तुमच्याकडे दोन वेगळे सॉकेट आहेत म्हणून ते जमतंय. मुग्धाताईंकडे एकच आहे, म्हणजे रोज एक प्लग काढायचा दुसरा घालायचा. मोठा प्लग रोज काढघाल केला की सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल होतात आणि मग वर लिहिलं ते जळायचं प्रकरण सुरू होतं. त्यापेक्षा एकदाच खर्च करा.

जर्सीकर

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे डिशवॉशर जवळजवळ प्रत्येक घरात असतो आणि त्याला स्वतःची वेगळी १५ किंवा २० अँपची लाइन देतात, व्होल्टेज १२० असल्यामुळे वॅट मात्र भारतातल्या मशीनपेक्षा कमी असतात. इथल्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये २०१४ पासून डिशवॉशरच्या लाइनला जीएफसीआय सक्तीचं झालंय, म्हणजे तुमच्याकडच्या आरसीसीबीचाच (करंट बाहेर गळायला लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचचा) भाऊ, फक्त तो ५ मिलिअँपच्या आसपासच्या गळतीला तुटतो. पाणी आणि वीज एकाच डब्यात आहे म्हणून हा नियम. मुग्धा, तुमच्या सासूबाईंना जी काळजी वाटतेय त्यावर उपाय हाच आहे. तुम्ही एमसीबीचा बोर्ड लिहिलंय, त्यात आरसीसीबी आहे का ते बघा.

आणि कोणी इथून मशीन पाठवायच्या विचारात असेल तर नका पाठवू, १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं मशीन तिथे ट्रान्सफॉर्मर लावूनही धड चालणार नाही, ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही.

निवृत्त_विद्युत

सगळे वायर आणि अँपिअरवर बोलताहेत, अर्थिंगबद्दल कोणीच विचारलं नाही म्हणून लिहायला बसलो. मुग्धाताई, १९९४ ची बिल्डिंग म्हणताय, तर पहिल्यांदा बाल्कनीतल्या त्या मोठ्या पॉइंटला खरोखर अर्थिंग आहे का ते तपासा. बाकी सगळं त्यानंतर.

सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वरचं मोठं भोक अर्थिंगचं. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि त्या लाइनवर लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट दिसायला हवेत. लोकांना वाटतं न्यूट्रल-अर्थमध्ये शून्य आलं की उत्तम. तसं नाही. हीटर चालू असताना न्यूट्रलमध्ये थोडं व्होल्टेज पडणारच, ते न दिसता अगदी ठोक शून्य दाखवत असेल तर शंका घ्या की कोणीतरी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेत. मग मेन स्विच बंद करून सॉकेट उघडून डोळ्यांनी बघायचं.

असं का करतात, तर पॉइंटपर्यंत अर्थिंगची वायरच आलेली नसते आणि टेस्ट लॅम्प मात्र लागायला हवा असतो. लॅम्प लागतो, गिऱ्हाईक खूश. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. मशीनचं लोखंडी अंग त्या तुकड्यातून थेट न्यूट्रलला जोडलं गेलं. उद्या डीबीत किंवा वाटेत कुठे न्यूट्रल सुटला तर फेज मशीनच्या हीटरमधून जाऊन न्यूट्रलवर येतो आणि न्यूट्रलवरून मशीनच्या अंगावर. मशीन बंद दिसतं, दिवा लागत नाही, आणि दाराला ओला हात लावला की पूर्ण २३० व्होल्ट. अर्थिंग नसलेलं बरं म्हणायची वेळ येते इतकं हे वाईट आहे. शिवाय आरसीसीबी असेल तरी तो आंधळा होतो, कारण मशीनच्या अंगावर आलेला करंट न्यूट्रलमधूनच परत जातो आणि जाणारा-येणारा करंट सारखाच दिसतो.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा, १०० किंवा ३०० चा नाही, ते आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत घरगुती वापरासाठी ३० हाच आकडा आहे. आणि त्यावरचं टी लिहिलेलं बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं समजू नका, ते बटण आतल्या आत चाचणी करतं, अर्थिंगची वायर कापलेली असली तरी तो पडेल.

मुग्धा_कोथरूड

सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः काका तुमचे. काल वायरमनला बोलावलं होतं. बोर्डात आरसीसीबी नाहीच, नुसते एमसीबी आहेत. वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावून मीटर लावला तर न्यूट्रल-अर्थ शून्य. मग मेन बंद करून त्याने सॉकेट उघडला तर आत हिरवी वायर नव्हतीच, न्यूट्रलच्या स्क्रूपासून वरच्या मोठ्या टर्मिनलपर्यंत बोटभर लांबीचा काळ्या वायरचा तुकडा लावलेला होता. तुम्ही लिहिलंत तसंच, अगदी तसंच. इतकी वर्षं आम्ही त्यावर वॉशिंग मशीन चालवतोय आणि सासूबाई तिथेच ओल्या हाताने कपडे काढतात. मला रात्री झोप लागली नाही.

तो तुकडा काढून टाकलाय आणि वॉशिंग मशीन सध्या बंद ठेवलंय. आता वेगळी लाइन करायची हे नक्की, पट्टी दिसली तर दिसू दे. पण डीबीत तरी अर्थिंग आलंय की तिथेही असाच प्रकार असेल? आणि वायरमन म्हणतो आरसीसीबी मेनला लावला तर जुन्या वायरिंगवर सारखा पडत राहील, ते खरं आहे का?

निवृत्त_विद्युत

तुकडा काढलात आणि मशीन बंद ठेवलंत हे अगदी योग्य केलंत.

डीबीत मागच्या बाजूला हिरव्या वायरी एका पितळी पट्टीला येऊन मिळतात, तिथून एक जाड वायर खाली मीटर रूममध्ये जाते आणि तिथून तांब्याची पट्टी जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. ही सगळी साखळी बघायला हवी आणि मीटर रूमच्या पुढची सोसायटीची जबाबदारी आहे, सेक्रेटरींना लेखी कळवा. तांब्याची पट्टी चोरीला गेलेली आणि कोणाला पत्ताच नाही अशा बिल्डिंगा मी पाहिल्यात. खड्डा कोरडा पडलेला असेल तर त्यात पाणी टाकत राहावं लागतं, उन्हाळ्यात विशेष. तुमच्या एका फ्लॅटचा नाही, अख्ख्या बिल्डिंगचा प्रश्न आहे हा, कारण तुमच्या सॉकेटमध्ये जे केलं तेच त्याच माणसाने वरखालच्या फ्लॅटमध्येही केलं असण्याची दाट शक्यता आहे. शेजाऱ्यांनाही सांगा.

फेज_न्यूट्रल

वायरमन आरसीसीबीबद्दल खोटं बोलत नाहीये. जुन्या वायरिंगमध्ये एखाद्या लाइनचा न्यूट्रल मेनच्या बाहेरून आणलेला असतो, एखाद्या बोर्डात न्यूट्रल अर्थिंगच्या वायरला जोडलेला असतो, मग मेनला आरसीसीबी लावला की घरात काहीही चालू केलं की पडतो. शोधायला एक दिवस जातो. काही जण कंटाळून आरसीसीबीच बायपास करून देतात, तसं मात्र करू देऊ नका. आत्ता मशीन यायच्या आधी एवढं करा की नव्या लाइनला स्वतःचा आरसीबीओ लावा, १६ अँप ३० मिलिअँप. यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकातच येतं. फक्त त्या लाइनचा न्यूट्रल आरसीबीओच्या खालूनच निघाला पाहिजे, डीबीतल्या कॉमन न्यूट्रल पट्टीवरून नाही, नाहीतर पहिल्याच दिवशी पडेल आणि दोष मशीनला जाईल. बाकी घराचं सावकाश दिवाळीनंतर करा, पण करा.

आणि पट्टी हॉलमधून येणारच आहे तर त्यातून दोन लाइन आणा, डिशवॉशरची एक आणि वॉशिंग मशीनची एक, दोन्हींना आपापली हिरवी वायर आणि आपापला आरसीबीओ. जुना पॉइंट बंद करून टाका. केसिंग थोडी रुंद घ्यावी लागेल इतकंच. खालच्या बाजूने स्कर्टिंगला लागून नेली तर फारशी डोळ्यात येत नाही, पण बाल्कनीत शिरल्यावर ती वर चढवा, फरशी धुताना पाणी लागायला नको.

मंजूर भार महावितरणच्या बिलावर छापलेला असतो. घरातला गीझर, एसी, इस्त्री, वॉशिंग मशीन आणि आता हे, एका वेळी खरोखर काय काय चालू असतं त्याची बेरीज करून बघा, त्याच्या वर जात असेल तर ऑनलाइन अर्ज करून वाढवून घ्या, सर्व्हिस वायर आणि मेन स्विच झेपतील का तेही तेव्हाच बघितलं जातं.

मुग्धा_कोथरूड

दोन लाइनचं पटलं, तसंच सांगते त्याला. शेवटचं विचारते, सॉकेट नेमका कुठे घ्यायचा? मशीनच्या मागे लपवला तर छान दिसेल असं नवऱ्याचं म्हणणं.

वैशाली_नाशिक

मागे नको गं. मशीन भरलेलं असताना ओढून बाहेर काढता येत नाही आणि नेमका तेव्हाच प्लग काढायची वेळ येते. आमचा बाजूला कंबरेच्या उंचीवर आहे, झाकणाच्या डबीत, नळापासून लांब.

फेज_न्यूट्रल

वैशालीताईंचं बरोबर. बाजूला, नळाच्या आणि पाइपच्या जोडाच्या खाली कधीच नाही. कॉर्ड साधारण दीड मीटरची असते तेवढं अंतर धरून चाला, कॉर्डला मध्ये जोड देऊ नका. तुमचं मशीन बॉशचं असेल आणि पाण्याच्या पाइपच्या नळाकडच्या टोकाला प्लास्टिकचा मोठा ठोकळा असेल तर तो अ‍ॅक्वास्टॉप आहे, त्यात विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो आणि वायर त्या पाइपच्या आतूनच गेलेली असते. प्लंबर पाइप लांब पडतोय म्हणून कापायला निघतात, हात लावू देऊ नका, आणि तो ठोकळा बादलीत किंवा पाण्यात लोंबकळत ठेवू नका.

सगळं लागलं की पहिला प्रोग्रॅम भांडी न घालता ७० डिग्रीचा लावा आणि हीटर लागून वीसेक मिनिटं झाली की कोरड्या हाताने प्लगच्या वरच्या भागाला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर डीबीतून बंद करून वायरमनला सॉकेटच्या मागचे स्क्रू परत आवळायला लावा, तसंच चालवत राहू नका.